जिर आणि मोबियस एकच ना? वाचायला कुठून सुरुवात करू?

शाईदौत: जाँ जिरो या फ्रेंच कॉमिक्स चित्रकाराचं काम वाचायचंय, पण हा दोन नावांनी सही का करायचा?

रेघोट्या: अरे जिर म्हणजे ब्लूबेरीवाला, १९६३ पासून पिलोत साप्ताहिकात ती वेस्टर्न म्हणजे काउबॉय कॉमिक मालिका, लेखक शार्लिए, पानं एकदम भरगच्च. मोबियस नावाने सायन्स फिक्शन, तिथे हात मोकळा सोडलाय. १९७५ला मित्रांसोबत मेताल युर्लां मासिक काढलं, त्यातली आर्झाक ही चित्रकथा बघच, एक शब्द नाही आणि तरी एकेका पानावर किती वेळ जातो कळत नाही.

डोंगरवाट: माझं मत वेगळंय, आधी ब्लूबेरीच वाच, त्या शिस्तीशिवाय आर्झाक झालीच नसती. मग लेखक होदोरोव्स्कीसोबतची इन्काल ही सायन्स फिक्शन कॉमिक.

शाईदौत: एलियन सिनेमातले स्पेससूटपण त्याचेच?

रेघोट्या: हो, आणि ट्रॉन सिनेमासाठीही डिझाइन केलंय. २०१२ला गेला, फार मोठा माणूस.