रत्नागिरीत शिक्षणासाठी खोली घ्यायची आहे: कुवारबाव, शिवाजीनगर की स्थानकाजवळ?

जैतापूर_खाडी यांचा प्रश्न

नमस्कार. मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रथम वर्षासाठी माझा प्रवेश निश्चित झाला आहे. घर राजापूर तालुक्याच्या किनारपट्टीवर, जैतापूरच्या बाजूला असल्यामुळे रोज ये-जा करणे शक्य नाही आणि मुलींच्या वसतिगृहात जागा मिळेलच याची खात्री नाही. म्हणून खोली पाहायला आताच सुरुवात करावी, असे आईवडिलांचे मत आहे. रत्नागिरीशी आमचा संबंध आजवर दवाखाना, जिल्हाधिकारी कार्यालय आणि बाजार एवढाच आला आहे. एसटी स्थानकाच्या आसपासचा भाग सोडला तर शहराची मला ओळख नाही.

सध्या तीन जागा सुचवल्या गेल्या आहेत. एक कुवारबावला, महामार्गापासून थोडी आत. दुसरी मारुती मंदिराच्या जवळ शिवाजीनगरमध्ये असून तिचे भाडे तिन्हींमध्ये सर्वांत जास्त आहे. तिसरी बसस्थानकाजवळच्या जुन्या आळीत एका ओळखीच्या कुटुंबाकडे आहे. तेथे भाडे कमी आहे आणि घरचे वातावरण असल्यामुळे आईचा कल तिकडे आहे. वडील म्हणतात की कॉलेज जवळ पडेल तीच जागा घ्यावी.

दुचाकी घेण्याची आमची सध्या तयारी नाही आणि पावसाळ्यात ती चालवू द्यायला घरचे तयारही नाहीत. त्यामुळे बस, रिक्षा आणि चालणे यांवरच माझी भिस्त राहील. प्रात्यक्षिके संपायला संध्याकाळ होते असे ऐकले आहे. महिन्यातून एखाद्या वेळी घरी जायचे आहे आणि शहरातील वाचनालयाचाही उपयोग करून घ्यायचा आहे. या तीनपैकी कोणती जागा आपण निवडली असती आणि का, हे कृपया सविस्तर सांगावे.

कातळमाथा यांचे उत्तर

अभिनंदन. मी रत्नागिरीतच लहानाचा मोठा झालो आणि बाहेरगावाहून येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना जागा शोधून देण्यात माझा हातभार लागला आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

रत्नागिरी समजून घ्यायची असेल तर नकाशावरील अंतर बाजूला ठेवून चढ-उतार पाहावा लागतो. हातखंब्याहून शहराकडे येणारा रस्ता कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका या क्रमाने पठारावरून येतो आणि पुढे जयस्तंभाकडे उतरून बाजार, बसस्थानक आणि बंदराच्या बाजूला जातो. मुंबई-गोवा महामार्गावरून शहरात येणारी बहुतेक एसटी याच रस्त्याने येते, शहर वाहतुकीच्या गाड्यांची सर्वांत जास्त वर्दळही याच रस्त्यावर असते आणि रिक्षाही येथेच सहज मिळते. या रस्त्यापासून पाच मिनिटांच्या पायवाटेवर राहणारा विद्यार्थी वाहनाशिवाय वर्ष काढू शकतो. त्याच्या आत एखाद्या उतारावर स्वस्त खोली घेणाऱ्याला मात्र जुलैमधल्या झडीत, पाठीवर दप्तर आणि हातात छत्री घेऊन रोज दोनदा तो चढ चढावा लागतो. येथे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, म्हणजे तुमच्या पहिल्या सत्राची सुरुवात पावसातच होणार आहे.

आता तुमच्या तीन जागांविषयी. स्थानकाजवळची आळी घरगुती आहे आणि बाजार, दवाखाना, वाचनालय सगळे हाताशी येते, हे खरे आहे. जयस्तंभाच्या बाजूला असलेले जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचे आहे आणि अभ्यासाची आवड असलेल्या कोणाही विद्यार्थ्याने त्याचे सभासद व्हावे, असे मला मनापासून वाटते. पण तुमचे महाविद्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, पठारावर आहे. शहर वाहतुकीच्या बसच्या औद्योगिक वसाहतीच्या आतल्या फेऱ्या मुख्य रस्त्याच्या मानाने कमी असतात. त्यामुळे सकाळची एखादी गाडी चुकली की पुढचा सगळा दिवस विस्कटतो. महाविद्यालय गावातच असते, तर मी आईंच्या बाजूने मत दिले असते.

माझी निवड शिवाजीनगर. भाडे जास्त आहे, पण मारुती मंदिर हा असा नाका आहे की तेथून वर कॉलेजकडे आणि खाली बाजाराकडे, दोन्ही दिशांना वाहन मिळते, दुकाने उशिरापर्यंत उघडी असतात आणि संध्याकाळी सातनंतरही रस्त्यावर माणसे असतात. रिक्षावर दर महिन्याला जो खर्च वाचेल तो भाड्याच्या फरकाशी ताडून पाहा. जास्त वाटणारे भाडे तेवढे जास्त राहत नाही. भाडे पूर्णच परवडत नसेल, तर दोघींनी मिळून खोली घ्यावी किंवा साळवी स्टॉपच्या आसपास चौकशी करावी. तो भाग मुख्य रस्त्यावर असून कॉलेजच्या बाजूला आणखी सरकलेला आहे.

एक विनंती आहे. खोली पाहायला रविवारी येऊ नका. कामाच्या दिवशी या, कॉलेज सुरू होण्याच्या वेळेला त्या खोलीपासून निघून बसने महाविद्यालयाच्या दारापर्यंत जा आणि संध्याकाळी प्रात्यक्षिके सुटण्याच्या वेळेला तोच प्रवास उलट करा. आईवडिलांना सोबत घ्या, म्हणजे त्यांचाही निर्णय डोळ्यांनी पाहून होईल.

उपपरिसर_माजी यांचे उत्तर

वरील उत्तरातील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, पण कुवारबावचा विचार इतक्या लवकर सोडू नये असे वाटते. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर आणि फिनोलेक्स अकॅडमी हे अभियांत्रिकी महाविद्यालय, दोन्ही मिरजोळे वसाहतीतच असल्यामुळे त्या परिसरात विद्यार्थ्यांची वस्ती मोठी आहे. उपपरिसरात शिकत असताना मी कुवारबावलाच राहत होतो.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा बराचसा वेळ वर्ग, कर्मशाळा आणि जर्नल यांतच जातो. आठवड्यातील सहा दिवस जेथे जायचे आहे ती जागा जवळ असावी आणि बाजार किंवा वाचनालयासाठी एखाद्या दिवशी लांब जावे लागले तरी चालेल, हा हिशेब मला अधिक बरोबर वाटतो. कुवारबावला खाणावळी आहेत, रोजच्या गरजेची दुकाने आहेत, रेल्वे स्टेशन जवळ आहे आणि पाऊस कितीही असला तरी शेअर रिक्षाने किंवा वेळ पडल्यास पायी कॉलेज गाठता येते.

मात्र एक अडचण मोकळेपणाने सांगतो, कारण मुलींच्या बाबतीत ती जास्त महत्त्वाची आहे. मिऱ्या-नागपूर महामार्ग येथूनच जातो, अवजड वाहनांची ये-जा सतत असते आणि औद्योगिक वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवर कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याची वेळ सोडली तर संध्याकाळी माणूस दिसत नाही. त्यामुळे कुवारबावला खोली घ्यायची असेल तर ती मुख्य वस्तीत, जेथून महामार्ग ओलांडावा लागणार नाही अशा बाजूला पाहावी आणि वर्गातील दोन-तीन जणींनी संध्याकाळी एकत्र परतण्याचे आधीच ठरवून ठेवावे.

कातळमाथा यांचे उत्तर

आपले म्हणणे योग्य आहे. फक्त त्यांच्या घरचा रस्ता लक्षात घेतला तर रेल्वे स्टेशनचा आणि महामार्गाचा फायदा त्यांना फारसा होणार नाही. लांजा, संगमेश्वर किंवा चिपळूणकडच्या विद्यार्थ्याला कुवारबाव सोयीचे आहे, कारण त्याची गाडी दारावरूनच जाते. जैतापूरकडे जाणाऱ्याला मात्र पावस, पूर्णगडमार्गे किनाऱ्याच्या रस्त्याने जायचे असते आणि ती एसटी भाट्ये पुलावरून जाते. शनिवारी दुपारी कुवारबावहून संपूर्ण शहर ओलांडून खाली यायचे आणि मग गाडी पकडायची, यात बराच वेळ जातो. मारुती मंदिराजवळून हे अंतर निम्म्यावर येते.

जैतापूर_खाडी

आपणा दोघांचे मनापासून आभार. किनाऱ्याच्या रस्त्याचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. काल वडिलांना नाचणे येथेही एक खोली कळली आहे. भाडे शिवाजीनगरपेक्षा कमी असून खाली मालक स्वतः राहतात. प्रत्यक्ष खोली पाहायला गेल्यावर नेमके काय विचारावे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

नाचण्याच्या_काकू यांचे उत्तर

बाळा, मी गेली बरीच वर्षे आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मुलींना ठेवते, म्हणून घरमालकिणीच्या बाजूने काय पाहावे ते सांगते.

सर्वांत आधी पाणी. तू येशील तेव्हा पाऊस धो धो पडत असेल, विहीर काठोकाठ भरलेली असेल आणि पाण्याचा प्रश्न कोणाच्या मनातही येणार नाही, आणि नेमका तेव्हाच तो विचारायचा असतो. अभियांत्रिकीचे प्रवेश पावसात होतात आणि दुसऱ्या सत्राच्या परीक्षा ऐन उन्हाळ्यात येतात. कोकणात पाऊस एवढा पडूनही जांभ्याच्या कातळात पाणी थांबत नाही, त्यामुळे एप्रिल आणि मे महिन्यांत विहिरी तळाला जातात. रत्नागिरी नगरपरिषदेला शीळ धरणाचे पाणी येते आणि तरीही काही वर्षी उन्हाळ्यात ते एक दिवसाआड सोडावे लागले आहे. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे आणि शिरगाव या ग्रामपंचायती आहेत, त्यांच्या पाण्याची व्यवस्था वेगळी आहे आणि ती वाडीवाडीला बदलते. म्हणून मालकांना स्पष्ट विचार की मे महिन्यात पाणी कोठून येते, साठवणीची टाकी केवढी आहे आणि टँकर आणावा लागला तर त्याचे पैसे भाड्यात धरले आहेत की वेगळे द्यावे लागतील. शक्य असेल तर आधी तेथे राहिलेल्या मुलीला विचार, ती खरे सांगेल.

दुसरे म्हणजे ओल. ही गोष्ट पावसात आपोआप दिसते, हा तुझा फायदा आहे. पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून पाहा, कपाटाच्या मागे आणि छताच्या कोपऱ्यात बुरशीचे डाग आहेत का ते पाहा. नुकताच रंग दिलेला असेल तर कपाट उघडून वास घे. समुद्राकडून येणारा वारा पाऊस आडवा आणतो आणि पश्चिमेच्या खिडकीला वर छज्जा नसेल तर गादी, वह्या आणि लॅपटॉप, काहीच कोरडे राहत नाही. कपडे वाळत घालायला छपराखालची जागा, पडवी किंवा गच्चीवर पत्र्याची शेड आहे का, हे मुली विचारायला विसरतात आणि मग आठवडाभर दमट कपडे घालून कॉलेजला जातात.

दोन गोष्टी लेखी करून घे. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी असणे आणि तो नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसे स्पष्ट म्हटले आहे. त्यात अनामत रक्कम किती, ती कधी परत मिळणार आणि विजेचे बिल स्वतंत्र मीटरवर की वाटणीने, हे लिहिलेले असावे. मे महिन्यात खोली बंद असताना भाडे द्यायचे की नाही, यावरून आमच्या आळीत दरवर्षी कोठे ना कोठे वाद होतो, म्हणून तेही लिहून घे. रात्री दार बंद करण्याची वेळ काय आहे आणि प्रात्यक्षिकामुळे किंवा घरून येणारी गाडी उशिरा पोहोचल्यामुळे वेळ झाली तर काय, हे आईच्या देखत विचार.

नाचण्याविषयी माझे प्रामाणिक मत असे की वस्ती शांत आणि राहती आहे, घरमालक बहुतेक खालीच असतात आणि म्हणून पालकांना धीर वाटतो. पण नाचणे लांबवर पसरलेले आहे. मारुती मंदिर किंवा साळवी स्टॉपच्या बाजूला लागून असलेला भाग घेतलास तर वर कातळमाथा यांनी सांगितलेली सगळी सोय तुला मिळेल. आत खोलवर गेलीस तर मुख्य रस्त्यापर्यंत येण्यासाठीच रोज रिक्षा करावी लागेल. तुला कळलेली खोली यांपैकी कोणत्या भागात आहे, ते आधी बघ.

सवलत_पास यांचे उत्तर

प्रवासखर्चाविषयी थोडे जोडतो. एसटीच्या मासिक विद्यार्थी पासवर 66.67 टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावा लागतो. त्यासाठी महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र लागते आणि पास राहण्याचे ठिकाण ते महाविद्यालय अशा ठरावीक मार्गाचा असतो, म्हणून खोली पक्की झाल्यावरच तो काढावा. मुलींना बारावीपर्यंत मिळणारा मोफत पास आता तुम्हाला लागू होणार नाही. मात्र 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना तिकिटावर 50 टक्के सवलत आहे. घरी जाताना ती वापरावी आणि रोजच्या प्रवासाला पास वापरावा.

निवासाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, जी अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी आहे. अनुसूचित जातीच्या, पण शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. यांपैकी एखादीस तुम्ही पात्र असाल तर अर्जाची मुदत महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशाच्या आठवड्यातच विचारून घ्या. अशा अर्जांना राहण्याचा पुरावा जोडावा लागतो, तेव्हा काकूंनी सांगितलेला नोंदणीकृत करार तेथेही उपयोगी पडेल. शासकीय वसतिगृहाचा अर्जही सोडू नका. खोली घेतली असली तरी तो भरून ठेवावा आणि नंतर जागा मिळाली तर खोली सोडण्यासाठी किती दिवस आधी कळवावे लागेल, तो कालावधीही करारातच ठरवून घ्यावा.