कॅनडाचा गहू आणि आमची पट्टी

पश्चिम कॅनडातल्या शेतकऱ्याला आपला गहू गहू बोर्डामार्फतच विकावा लागे; ती मक्तेदारी काढली नि शेतकरी सुटला असं लोक सांगतात, पण हे अर्धंच झालं हो. मक्तेदारी गेली १ ऑगस्ट २०१२ ला, त्याआधी २०११ मध्ये बोर्डाने शेतकऱ्यांचं मत घेतलं तर गव्हासाठी ६२ टक्के लोक बोर्ड ठेवा म्हणाले, तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने ते बंधनकारक मानलंच नाही, आणि २०१५ मध्ये बोर्डाचा निम्म्याहून जास्त हिस्सा बंगी ही धान्यव्यापारी कंपनी आणि एक सौदी कंपनी यांच्या भागीदारीकडे गेला. अर्थात बोर्ड नको म्हणणारेही खोटे नव्हते, आपलाच गहू परवान्याशिवाय अमेरिकेत नेला म्हणून २००२ मध्ये अल्बर्टातले काही शेतकरी चक्क तुरुंगात गेले!

आता आपलं बघा. २०१६ ला राज्याने फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून काढली, तरी आमच्या रत्नागिरीकडची आंब्याची पेटी अजून वाशीच्या बाजार समितीतच जाते, कारण फवारणीलाच दलालाकडून उचल घेतलेली असते, मग पट्टी, म्हणजे दलालाने विक्रीचा दिलेला हिशेब, येईल ती मुकाट घ्यायची. मी एका वर्षी चाळीस पेट्या थेट पुण्यात दिल्या, दर झकास, पण निम्मे पैसे गणपतीत आले.