व्हर्मिलियन शहराच्या धक्क्यावरचा ट्रक: त्यासाठी खेळ पहिल्यापासून सुरू करावा का?

प्रश्न: भाच्याचा मामा, सांगली

नमस्कार. प्रश्न पोरकट वाटेल, पण त्यावरून आमच्या घरात चार दिवस धुसफुस चालू आहे, म्हणून विचारतो.

गणपतीत ताई माहेरी आली, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत माझा जुना गेमबॉय आणि पोकेमॉन ब्लू (पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायचा खेळ) याची कॅसेट तिच्या मुलाच्या हाती लागली. कॅसेटमधला सेल मेला होता, त्यामुळे माझा स्वतःचा खेळ केव्हाच पुसला गेला होता. सेल बदलून दिला आणि सहावीतला हा मुलगा तेव्हापासून त्यातच बुडाला आहे. आजमितीला त्याच्याकडे कोगा या जिमप्रमुखाच्या बॅजसह पाच बॅज (जिमप्रमुखांना हरवल्यावर मिळणारे बिल्ले) आहेत.

चूक माझी आहे. आम्ही शाळेत असताना वर्गातला प्रत्येक जण शपथेवर सांगत असे की, खेळातल्या व्हर्मिलियन शहराच्या बंदरात, एस.एस. अ‍ॅन हे जहाज जिथे लागते त्या धक्क्याच्या बाजूला, एक ट्रक उभा आहे आणि स्ट्रेंग्थ (जड दगड ढकलण्याची पोकेमॉनची चाल) वापरून तो ढकलला की त्याखाली म्यू हा दुर्मिळ पोकेमॉन सापडतो. ही गोष्ट मी रंगवून भाच्याला सांगितली. तो लगेच बंदरावर गेला, पण जहाज कधीच सुटून गेले असल्याने तिथला खलाशी त्याला आत सोडत नाही. आता सगळा खेळ पुसून, नव्याने सुरुवात करून, या वेळी जहाज सुटू द्यायचे नाही, असा त्याने निश्चय केला आहे. कॅसेटमध्ये एकच खेळ साठवता येतो, त्यामुळे पाच बॅजवर पाणी सोडावे लागेल. ताई म्हणते, "तूच सांगितलंस, आता तूच निस्तर."

तो ट्रक खरोखर आहे का, हे मी स्वतः कधी पाहिलेले नाही, कारण माझेही जहाज सुटले होते. ज्यांनी पाहिले असेल त्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: जुना गडी, कराड

ट्रक आहे. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आहे आणि स्ट्रेंग्थ वापरून तो सर्व बाजूंनी ढकलूनही पाहिला आहे. तो तसूभरही हलत नाही, कारण तो ढकलण्याजोगा दगड नसून नकाशावर रंगवलेले चित्र आहे. त्याच्याखाली काहीही नाही.

भाच्याचा बेत मात्र तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे, याबद्दल त्याला दाद दिली पाहिजे. जहाज केव्हा सुटते हे नीट पाहिले तर त्यातली फट लक्षात येते. कप्तानाला बोट लागलेली असते, आपण त्याची पाठ चोळून देतो, तो आपल्याला कट (झुडपे कापण्याची चाल) देतो आणि त्यानंतर आपण चालत जहाजाबाहेर धक्क्यावर पाऊल टाकले की त्याच क्षणी जहाज कायमचे निघून जाते. परंतु कट मिळाल्यावर जहाजावरच्या एखाद्या ट्रेनरकडून (पोकेमॉन लढवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडून) मुद्दाम हरले, तर आपण चालत बाहेर पडत नाही. आपण थेट पोकेमॉन सेंटरमध्ये जागे होतो आणि जहाज धक्क्यालाच राहते. (त्यासाठी एक तरी ट्रेनर न हरवता शिल्लक ठेवावा लागतो, हे मला दुसऱ्या खेपेला कळले.) पुढे कोगाला हरवून आणि सफारी झोनमधून सर्फ (पाण्यावरून जाण्याची चाल) घेऊन परत यायचे, तिकीट दाखवून धक्क्यावर उतरायचे आणि जहाजात न शिरता उजवीकडे पाण्यात पोहत जायचे. थोडेसे पाणी ओलांडले की जमिनीचा एक तुकडा लागतो आणि त्यावर तो ट्रक उभा असतो.

त्या काळी माझ्या डोळ्यांसमोर बंदर म्हणजे रत्नागिरीचा मिरकरवाडा होता: माशांचा वास, बर्फाच्या पेट्या, धक्क्याला खेटून उभे असलेले टेम्पो. त्यामुळे बंदरात ट्रक असण्यात मला काही नवल वाटले नव्हते. नवल होते ते वेगळे. त्या अख्ख्या खेळात दुसरा ट्रक नाही. एकुलते एक वाहन, तेही अशा ठिकाणी की नेहमीच्या पद्धतीने खेळणारा माणूस सर्फ मिळवून येईतो तो धक्काच बंद झालेला असतो. एवढ्या आडबाजूला कोणी उगाच काही ठेवत नाही, असा आमचा पक्का समज होता.

माझे मत विचाराल तर केवळ ट्रक पाहण्यासाठी पाच बॅज पुसू नयेत.

प्रतिसाद: सायंतारा, मिरज

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण ही कंडी इतकी वर्षे का टिकली हे भाच्याला समजावून सांगितले तर त्याचा हिरमोड कमी होईल असे वाटते. ती निव्वळ थाप नव्हती. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक भाग खरा होता. ट्रक खरा, जहाज थोपवण्याची युक्ती खरी, आणि मुख्य म्हणजे म्यू त्या कॅसेटमध्ये खरोखरच आहे.

हा खेळ जपानमध्ये 27 फेब्रुवारी 1996 रोजी रेड आणि ग्रीन या नावांनी आला. काम संपत आले असताना चाचणीसाठीचा प्रोग्रॅम कॅसेटमधून काढून टाकण्यात आला, त्यामुळे सुमारे 300 बाइट एवढी जागा मोकळी झाली आणि शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरने तिच्यात म्यू बसवला. खेळणाऱ्याला तो मिळावा अशी कोणतीही वाट खेळात ठेवलेली नव्हती. त्याच वर्षी कोरोकोरो या जपानी मासिकाने म्यू देण्याची सोडत जाहीर केली, तेव्हा फक्त 20 जागांसाठी 78,000 हून अधिक अर्ज आले. म्हणजे 151 व्या क्रमांकाचा प्राणी अस्तित्वात आहे हे सर्वांना ठाऊक, पण तो कुठे राहतो हे कोणालाच ठाऊक नाही. आणि दुसरीकडे एक ट्रक, जो कशासाठी आहे ते कोणालाच ठाऊक नाही. मुलांनी या दोन्ही गोष्टींची गाठ मारून दिली. आमच्या वर्गातल्या कथेत तर ट्रक ढकलण्याआधी सर्व आठ बॅज लागत, कारण सात बॅज असलेल्या मुलाने ट्रक हलला नाही म्हणून तक्रार केली होती.

भाच्याला पुढे कधी फायररेड किंवा लीफग्रीन खेळायला मिळाले, तर तिथेही त्याने त्या ट्रकपर्यंत अवश्य जावे. 2004 च्या या नव्या आवृत्त्यांत ट्रक तसाच उभा आहे आणि त्याच्याजवळ एक लाव्हा कुकी लपवून ठेवलेली आहे. ती पोकेमॉनच्या दुसऱ्या खेळांतल्या होएन प्रदेशातली, डोंगरावर विकली जाणारी मिठाई आहे. व्हर्मिलियनशी तिचा काडीचाही संबंध नाही. बनवणाऱ्यांच्या कानावर ही कंडी पोहोचली होती, असाच मी त्याचा अर्थ लावते.

प्रतिसाद: अजिंक्यतारा, सातारा

ट्रकखाली म्यू नाही हे खरे, पण म्यू मिळतच नाही असा समज भाच्याने करून घेऊ नये. तो व्हर्मिलियनपासून फार लांब नाही. उत्तरेला सेरुलियन शहर ओलांडले की नगेट पुलाजवळ, रूट 24 वर, प्रोग्रॅममधल्या एका चुकीमुळे तो मिळतो. 2003 मध्ये ही चूक उजेडात आली, म्हणजे आपण सगळे ट्रक ढकलून थकलो होतो त्यानंतर.

त्यासाठी दोन ट्रेनर अद्याप न हरवलेले असावे लागतात: पुलालगतच्या गवतात उभा असलेला एक, आणि पुढे रूट 25 वरचा, स्लोपोक हा पोकेमॉन बाळगणारा मुलगा. पहिला ट्रेनर पडद्यावर येतो त्याच क्षणी स्टार्ट दाबायचे आणि त्याने गाठण्याआधी अ‍ॅब्रा या पोकेमॉनच्या टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे नेणाऱ्या) चालीने सेरुलियनला पळायचे. खेळ त्यामुळे गोंधळतो. त्याच्या लेखी एक लढत सुरू होऊन अर्धवट राहिलेली असते आणि स्टार्टचे बटण चालेनासे होते. मग स्लोपोकवाल्या मुलाला थोडे अंतर चालत आपल्याकडे येऊ द्यायचे, त्याला हरवायचे आणि पुन्हा टेलिपोर्टने परतून पुलाकडे जायचे. तिथे मेनू आपोआप उघडतो. तो बंद करताच सातव्या लेव्हलचा म्यू समोर येतो. त्या स्लोपोकचा स्पेशल हा गुण 21 असतो, खेळाच्या अंतर्गत यादीत म्यूचा क्रमांकही 21 आहे, आणि अर्धवट लढतीत कोण येणार हे ठरवताना प्रोग्रॅम चुकून तोच आकडा उचलतो. आधी खेळ सेव्ह करून ठेवावा आणि वाटेत दुसऱ्या कोणाशी लढू नये.

एक तक्रार मात्र नोंदवतो. व्हर्मिलियनचा विषय निघाला की सगळे जण ट्रकपाशी थांबतात. ज्या शहराच्या पाटीवर रम्य सूर्यास्ताचे बंदर असे लिहिले आहे, त्याचे खरे वैभव मला इतरत्र दिसते. लेफ्टनंट सर्जच्या जिममध्ये 15 कचऱ्याचे डबे आहेत. एकात पहिली कळ, शेजारच्या एखाद्यात दुसरी, आणि चुकीच्या डब्यात हात घातला की पुन्हा पहिल्यापासून. पोकेमॉन फॅन क्लबच्या अध्यक्षांचे त्यांच्या लाडक्या रॅपिडॅश या पोकेमॉनचे पुराण निमूटपणे ऐकून घेतले की ते सायकलीची पावती देतात. त्या सायकलीची दुकानातली किंमत 10,00,000 आहे आणि आपल्या खिशात जास्तीत जास्त 9,99,999 मावतात, हे ज्याने पैसे साठवून पाहिले त्यालाच कळते. शिवाय त्या शहरात एक म्हातारा आपल्या मचॉप या पोकेमॉनकडून प्लॉटची जमीन चोपून घेत असतो. आमच्या घरामागे बिगरशेती झालेला एक प्लॉट आहे. त्याच्यावरही फक्त मुरूम पडतो आणि रोलर फिरतो. वीट मी अजून पाहिलेली नाही.

प्रतिसाद: भाच्याचा मामा, सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी तिन्ही उत्तरे भाच्याला वाचून दाखवली. तो एकही ट्रेनर न हरवता सोडत नाही, त्यामुळे स्लोपोकवाला मुलगा महिन्यापूर्वीच हरलेला निघाला आणि नगेट पुलाची वाटही बंद झाली. तरीही खेळ पुसण्याचा बेत त्याने सोडला आहे. चुकीतून म्यू मिळतो हे त्याला ट्रकपेक्षा जास्त पटले. वहीच्या मागच्या पानावर त्याने 21 लिहून त्याला गोल केला आहे आणि आठवा बॅज मिळाल्यावर, घाईघाईत नव्हे, दुसरा खेळ सुरू करायचा असे ठरवले आहे. ताई माझ्याशी बोलू लागली आहे.

त्याची एकच शंका उरली, तिचे उत्तर मला देता आले नाही. मचॉपने जमीन चोपून झाल्यावर तिथे शेवटी कोणती इमारत उभी राहते?

प्रतिसाद: जुना गडी, कराड

पुढच्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांची कथा तीन वर्षांनंतरची आहे आणि त्यात पुन्हा व्हर्मिलियनला जाता येते. म्हातारा तिथेच उभा आहे, मचॉप जमीन चोपतोच आहे. बांधकाम सुरू करायला पैसे नाहीत, असे तो म्हणतो.