शाळा व्यवस्थापन समितीने शाळेसाठी पैसा कसा उभा केला? तुमचे अनुभव सांगा

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत यंदा मला घेतलंय. पट ६४. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येणारं शाळा अनुदान पटावर ठरतं, म्हणजे आम्हाला वर्षाचे २५,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी. वीजबिल, खडू, डागडुजी, सगळं त्यातच बसवायचं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा केला. संरक्षक भिंत आणि मुलींचं स्वच्छतागृह त्यात सगळ्यात वर आहेत. पण पैसा? तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं, मोकळेपणाने लिहा.

माजी अध्यक्ष, माण तालुका
मी चार वर्षं अध्यक्ष होते. पहिल्या वर्षी पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरलो, हाती आले साडेतीन हजार. लोक तोंडावर विचारायचे, "आधीच्या पैशाचं काय केलंत?" वाईट वाटलं, पण विचारणं रास्त होतं. मग पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी वर्षाचा जमाखर्च वाचला, नळाच्या तोट्यांसकट. त्या वर्षी यात्रा कमिटीने उरलेले ११,००० शाळेला दिले, ट्रॅक्टरवाल्यांनी मैदानात मुरमाच्या फेऱ्या फुकट टाकल्या.

भिंतीसाठी मात्र वर्गणीच्या मागे लागू नका. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ज्या ग्रामसभेत ठरतो, तिथे समितीचा ठराव घेऊन जा. आमची भिंत ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशातून तशीच झाली.

आणि समितीत निम्म्या बायका असाव्यात असा कायदाच आहे, पण आमची बैठक सकाळी अकराला असायची. बायका तेव्हा खुरपायला गेलेल्या. संध्याकाळी सातला बैठक घेतली, तेव्हा कुठे स्वच्छतागृहावर धड बोलणं झालं.

मुख्याध्यापक, खानदेश
ताईंचं पटलं. समितीचा सचिव मुख्याध्यापकच, त्यामुळे हिशेबाची जोखीम आमच्यावर. रोख मिळो की पंखा, पावती द्या, साठा रजिस्टरला नोंद करा. प्रवेशाच्या वेळी पालकाकडून एक रुपयाही घेऊ नका. कायद्याच्या कलम १३ ने ती देणगी बंद आहे. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशातून, आम्हाला प्रोजेक्टर दिला, पण बिल थकून वीज तोडलेली होती. आठ महिने तो खोक्यातच पडून. आता देणगीदार आला की आधी त्याच्या हातात आराखडा देतो.

पालक, बेळगाव
आमच्याकडे समितीला एसडीएमसी म्हणतात. मराठी शाळेच्या खोल्या माजी विद्यार्थ्यांच्या बॅचनी वाटून घेतल्यात. ज्याची खोली, त्याने रंग आणि कौलं पाहायची.

राजापूरचा, सध्या डोंबिवली
गणपतीत सगळी वाडी घरी असते. आरतीनंतर शाळेचा विषय निघाला आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने छपराचे पत्रे बदलून दिले. पण पट ९ वर आलाय. म्हणून यंदाची वर्गणी इमारतीला नाही, खालच्या वाडीतल्या चार पोरांना आणायच्या रिक्षाला लावली.