नागपूर पोलीस: बंदोबस्तात नंबर एक, पोलीस ठाण्यात ‘उद्या या’?

वर्धारोडवाला: पोळा झाला की मारबतीची मिरवणूक, मग गणपती, मग दीक्षाभूमीवरची गर्दी, डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. हा बंदोबस्त नागपूर पोलीस झकास करतात, वाद नाही. पण आठवडी बाजारात माझा मोबाईल मारला, तर ठाण्यात म्हणे, “गहाळ लिहून द्या नं, चोरी कायले?” चोरी लिहिली की गुन्हा, तपास, वरून विचारणा. गहाळ लिहिलं की शिक्का मारला, विषय संपला. गृहखातं सांभाळणारे मुख्यमंत्री आपल्याच गावचे, अन् ठाण्यात ही गत!

महालची सून: भाऊ, मोबाईलचं दुःख समजतं. पण 17 मार्च 2025 च्या रात्री आमच्या महाल भागात दंगलीत गाड्या जळत होत्या, तेव्हा मधात पोलीसच उभे होते. कित्येक जखमी झाले. 11 ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्या दिवसांत दूध आणायला गेलेल्या पोराला त्यांनीच गल्लीपर्यंत सोडलं.

वर्धारोडवाला: ताई, त्याच रात्री हंसापुरीतले लोक पोलीस उशिरा आले म्हणून ओरडत होते. तेही नागपूरच आहे.

हवालदाराचा पोरगा: शिपायाले काऊन बोलता राजेहो? 1953 च्या नागपूर करारामुळे एक अधिवेशन इथं होतं. बाहेरच्या जिल्ह्यांतून फौज येते, तरी ठाणी रिकामी होतातच. बाबांची ड्यूटी मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर, मोर्चे अडवायची. सकाळचा डबा संध्याकाळी उघडायचा, पोळ्या कडक. परत आले की तपासाच्या फायली टेबलावर तशाच. हिंगणा रोडले राज्य राखीव पोलीस दलाचा गट 4 आहे, तिथून जास्त माणसं काढा. तपासी अंमलदाराले बॅरिकेडवर उभं करू नका.

महालची सून: हे पटलं. पण गहाळ-चोरीची चलाखी तर अधिवेशन नसतानाही चालते, तिथं माणसं कमी हे कारण कसं?

कोर्टाजवळचा: भावनेत नका जाऊ. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम 173 लागू आहे. तक्रार कुठल्याही ठाण्यात द्या, हद्द आडवी येत नाही. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत तक्रारदाराला सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट. ठाण्यानं नाही लिहिलं तर लेखी तक्रार टपालानं वरिष्ठांकडे, तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी.

वर्धारोडवाला: शहरात वरिष्ठ म्हणजे कोण?

कोर्टाजवळचा: तुमच्या परिमंडळाचे डीसीपी, म्हणजे पोलीस उपायुक्त. स्पीडपोस्ट करा, पावती ठेवा. अन् ‘गहाळ’वर सही करू नका.