मदत हवी आहे: एमएस प्रोजेक्टमध्ये प्लास्टर वीटकामाच्या आधीच संपतंय

नमस्कार मंडळी,

डिप्लोमा सिव्हिल करून नुकताच साइटवर लागलोय. तळ अधिक एक अशा बंगल्याचं शेड्यूल माझ्याकडे आलंय, ते एमएस प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये करतोय. स्लॅब झालेत, टेकू निघालेत. आता वीटकामापासून पुढचं सगळं बाकी आहे. मालकांना दसऱ्याला गृहप्रवेश करायचाय, त्यामुळे शेवटची तारीख हलणार नाही.

आधी सगळी कामं फिनिश-टू-स्टार्टने (एक संपलं की दुसरं सुरू) जोडली. वीटकाम १८ दिवस, ७ दिवस पाणी मारणं, मग प्लास्टर १० दिवस, एकूण ३५. साहेब म्हणाले, "तोवर प्लास्टरवाला विटा मोजत बसणार का?" म्हणून लिंक स्टार्ट-टू-स्टार्ट (एक सुरू झालं की दुसरंही सुरू) केली आणि ७ दिवसांचा लॅग, म्हणजे मधलं अंतर, दिला. आता प्लास्टर आठव्या दिवशी सुरू होऊन सतराव्या दिवशी संपतंय आणि वीटकाम अठराव्या! म्हणजे शेवटची भिंत उभी राहायच्या आधीच तिला प्लास्टर.

इथे नेमकी कोणती लिंक लावायची? दुसरं म्हणजे, फ्लोअरिंगची तारीख मी हाताने टाकली होती. त्याच्या आधीची कामं अलीकडे आली तरी ते जागचं हलत नाही. आणि स्टार्ट-टू-फिनिश खरंच कुणी वापरतं का?

प्रतिसाद १

स्टार्ट-टू-स्टार्टने फक्त सुरुवात बांधली जाते, शेवट मोकळाच राहतो. मागून सुरू होणारं काम भरभर होणारं असेल तर ते पुढच्याला गाठून ओलांडून जातं, तुमच्याकडे तेच झालंय. पुस्तकातला उपाय म्हणजे जोडीला फिनिश-टू-फिनिशही (पहिलं संपल्याशिवाय दुसरं संपत नाही) लावायची. प्रिमाव्हेरा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालतं, पण एमएस प्रोजेक्ट त्याच दोन कामांमध्ये दुसरी लिंक घेत नाही.

त्यापेक्षा काम मजल्यावार तोडा. साइटवरही ते तसंच होतं. रविवार तूर्त सोडून द्या. तळमजल्याचं वीटकाम दिवस १ ते ९, वरचं १० ते १८. तळमजल्याला १६ पर्यंत पाणी, १७ ते २१ प्लास्टर. वर २५ पर्यंत पाणी, २६ ते ३० प्लास्टर. सगळ्या लिंक साध्या फिनिश-टू-स्टार्ट, तरी ३५ चे ३० झाले. लॅग देऊन वेळ वाचवायला गेलं की बहुतेक वेळा मूळ काम फार मोठं धरलेलं असतं, असा माझा अनुभव.

फ्लोअरिंगचं कारण वेगळं. हाताने तारीख टाकली की प्रोजेक्ट त्यावर 'स्टार्ट नो अर्लियर दॅन' (या तारखेच्या आधी सुरू नको) हे बंधन घालतं. डावीकडच्या कॉलममध्ये कॅलेंडरचं छोटं चिन्ह दिसेल. टास्क इन्फर्मेशनच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये जाऊन ते 'अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल' करा. टाचणीचं चिन्ह असेल तर काम मॅन्युअल मोडमध्ये आहे, ते ऑटोवर आणा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. पाण्याचा लॅग मात्र इलॅप्स्ड डेजमध्ये (सुट्या धरून सलग दिवसांत) द्या. साध्या दिवसांत दिलात तर प्रोजेक्ट सुटीचा रविवार मोजत नाही, आणि भिंतीला पाणी रविवारीही मारायचं असतंच.

स्टार्ट-टू-फिनिश क्वचित लागते. तुमच्याच साइटवर बघा: बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं वीज कनेक्शन कायमचा मीटर चालू होईपर्यंत ठेवावं लागतं. मीटर चालू होणं म्हणजे स्टार्ट, तात्पुरतं कनेक्शन बंद होणं म्हणजे फिनिश. बाकी कुठे ती दिसली तर लिंक उलटी पडलीय का ते आधी तपासा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार! मजले वेगळे केले, ३० दिवस आले. पण प्लास्टरची टोळी एकच आहे. दोन्ही मजल्यांच्या प्लास्टरमध्ये लिंक टाकू का?

प्रतिसाद १

टाका, पण नोट्समध्ये 'टोळीमुळे' असं लिहून ठेवा. पाण्याची लिंक कुणालाच तोडता येत नाही, ही मात्र ठेकेदाराने दुसरी टोळी आणली की काढता येते. आत्ता तिचा फरक पडणार नाही, कारण तळमजल्याचं प्लास्टर २१ ला संपतं आणि वरचं २६ ला सुरू होतं. मध्ये चार दिवसांचा फ्लोट, म्हणजे मोकळी सवड, आहे.

आणि हो, कन्सील (भिंतीत लपवलेल्या) वायरिंगचा तुम्ही उल्लेखही केला नाहीत. भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून पाइप टाकणं प्लास्टरच्या आधी यायला हवं. मजल्याला तीन दिवस धरले तर तळमजल्यावर ते त्या चार दिवसांत मावेल. वरच्या मजल्यावर फ्लोटच नाही, तिथे ३० चे ३३ होतील. साहेबांना तारीख सांगण्याआधी ते टाकून बघा.