मदत हवी आहे : कन्सल्टंट करारातली राखीव रक्कम आणि नोटीस

नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलचा करार सहीसाठी आलाय. एमडी मेडिसिन, फुलटाइम कन्सल्टंट. पगार नाही, प्रोफेशनल फी : सहा महिने मिनिमम गॅरंटी, पुढे ओपीडी-आयपीडीतला (बाह्यरुग्ण आणि दाखल रुग्णांच्या फीतला) वाटा. पीएफ-ग्रॅच्युइटी नाही, ते मान्य. इन्डेम्निटी पॉलिसी (रुग्णाने भरपाईचा दावा केल्यास संरक्षण देणारा विमा) स्वतःची आहे.

सोडल्यावर दोन वर्षं 10 किमीत प्रॅक्टिस नाही, ही अट करार अधिनियम 1872 च्या कलम 27 (व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल) पुढे टिकत नाही, असं वकील म्हणतात. खरी गोम पुढे आहे. दर महिन्याच्या फीतून 10 टक्के राखून ठेवणार. आपली नोटीस तीन महिन्यांची, त्यांची एकच. नोटीस न दिल्यास तीन महिन्यांची 'सरासरी फी' त्या राखीव रकमेतून वळती. सरासरी कुठल्या महिन्यांची, हे लिहिलेलंच नाही. त्याच कायद्याच्या कलम 74 नुसार करार मोडल्यास फक्त वाजवी भरपाई मिळते हे ठीक, पण पैसे त्यांच्याच हातात, म्हणजे कोर्टाची पायरी आपणच चढायची.

एचआरला मेल केला. मूळ सर्टिफिकेटं जमा करण्याची अट काढली. बाकी 'स्टँडर्ड फॉरमॅट आहे डॉक्टर'.

राखीव रकमेला कमाल मर्यादा, परतीची मुदत आणि दोन्हीकडून सारखी नोटीस हे कुणी करारात घालून घेतलंय का? करारातल्या त्या अटीचे नेमके शब्द काय होते?